टाचणीबाईंकडचा कोट

पडदा वर गेला आहे असं समजा. खोली मोठी, छत उंच, खिडक्यांना जाड पांढरे पडदे. उजेड आत येतो, ऊन येत नाही. मधोमध लांबलचक टेबल, टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीवर पाठ टेकून, हात पसरून निजल्यासारखा एक कोट. मातकट रंगाचा, लोकरीचा, गुडघ्याखाली येईल एवढा लांब. टेबलाच्या एका बाजूला संग्रहालयाच्या वस्त्रविभागाच्या बाई, हातात पातळ मोजे, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. समोर स्टुलावर एक म्हातारी, एक्याऐंशी वर्षांची. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ती कोटाकडे बघतच नाही. तिची नजर वस्त्रविभागाच्या बाईंच्या हातांवर आहे, गर्दीत आपल्या खिशाजवळ आलेल्या हातांकडे माणूस बघतो तशी. आणि कोपऱ्यात, दाराला टेकून, मी. या गोष्टीत माझं काम थोडंच आहे. ते आलं की सांगेन.

म्हातारी म्हणजे आमच्या टाचणीबाई. आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट त्यांनी अडतीस वर्षं सांभाळला आणि त्या अडतीस वर्षांत कंपनीतल्या एकाही माणसावर पुरता विश्वास टाकला नाही. मी ही तक्रार करत नाही, आम्ही होतोच तसे. नटाच्या हाती रेशमी रुमाल दिला की प्रयोगानंतर तो त्याच रुमालाने तोंडाचा रंग पुसतो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून त्या प्रत्येक प्रयोगाला चाळीस टाचण्या मोजून काढत आणि चाळीस मोजून डबीत घालत. एकदा एकोणचाळीस भरल्या. बाईंनी राजाला, दोन्ही प्रधानांना आणि खुद्द कंपनीच्या मालकांना रांगेत उभं करून कपडे झाडायला लावले. टाचणी निघाली ती मालकांच्या बाहीतून.

"बाई, ही माझी स्वतःची असेल," मालक म्हणाले.

"असेल ना. मग तुमच्या बाकीच्या एकोणचाळीस दाखवा."

तेव्हापासून त्यांचं नाव टाचणीबाई पडलं, आणि त्यांनाही ते आवडलं असावं. निदान त्यांनी कधी हरकत घेतली नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्या औषधवाल्याला दाखवत, औषधवाल्याने दिलेली डॉक्टरांना दाखवत, आणि दोघांचं एकमत झालं की ह्यांचं आपसात ठरलेलं दिसतंय असं म्हणत. "बाई, आज छान दिसताय," म्हटलं की लगेच विचारत, "काय हवंय?"

पण त्यांचं काम बघायला मी विंगेतून मागे मागे सरकत कपडेपटाच्या दाराशी जात असे. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाजारातला शिंपी अर्धं बोट माया ठेवतो. बाई दोन बोटं ठेवत. आमच्याकडे राजा बदलायचा, राणीला दिवस जायचे, एका वर्षी काटकुळा असलेला नायक पुढच्या वर्षी दारात मावत नसे. बाई शिवण उसवत, माया काढत आणि तोच झगा नव्या अंगावर बसवत.

मी एकदा म्हणालो, "कापडात फार माया सोडता हो तुम्ही, बाई."

"कापडातली लागली की काढून घेता येते," त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या.

त्या कोटाची आणि माझी ओळख चोरीतून झाली. मी एकोणीस वर्षांचा, कंपनीत नवा, हडकुळा. लढाईचं नाटक चाललं होतं, दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकानंतर माझा सैनिकी कोट मुंढ्यात, बगलेजवळ, टरकला. बाई पलीकडच्या विंगेत नायिकेच्या घेराला टाके घालत होत्या. कपडेपटात एक पत्र्याची पेटी असे. तिचं कुलूप त्या दिवशी लटकतं होतं, दाबलेलं नव्हतं. आत चादरीत गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा एक कोट. मी घातला. बेतून शिवल्यासारखा बसला, बाही नेमकी मनगटाच्या हाडावर. मी रंगमंचावर गेलो आणि तीन मिनिटांचा माझा मरणाचा प्रसंग त्या कोटात करून आलो. टाळ्याही बऱ्या मिळाल्या.

पडदा पडला तेव्हा बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी लहान मुलाचे कपडे उतरवावेत तसं एकेक बटण सोडलं, कोट काढून घेतला, कॉलर उलटी केली आणि माझ्या मानेचा रंग आत लागलेला बघितला. मग घडी घालून निघून गेल्या. पुढे वर्षभर माझ्या प्रत्येक कपड्यात कुठे ना कुठे एक टाचणी राहिलेली असे. ज्यांची टाचणी कधी हरवत नव्हती, त्यांची.

वर्ष संपलं तेव्हा शिक्षाही संपली. दौऱ्यावर बस बंद पडली होती, आम्ही रस्त्याच्या कडेला चहा घेत होतो. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुम्ही ज्या कोटात मेलात तो कुणाचा, माहीत आहे?"

"तुमच्या भावाचा, असं ऐकलंय."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांना बरं माहीत. मला नाही माहीत."

आणि मग त्यांनी सांगितलं. बाईंचं घर शिंप्याचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. वडील, आई, मोठा भाऊ आणि त्या. भाऊ दहा वर्षांनी मोठा. त्या त्याला दादा म्हणत. दादा डावखुरा. वडिलांनी त्याच्या उजव्या हातात सुई देऊन पाहिली, वर्षभर मारामारी केली आणि शेवटी हात टेकले. दादा उंच, खांद्यात रुंद, छाती चाळीस इंच, आणि हात असे लांब की त्याच्या सदऱ्याला वडील वेगळं कापड काढत आणि काढताना कुरकुरत.

लढाई सुरू झाली, तरण्या माणसांना बोलावणी आली, दादा गेला. कुठे गेला ते पत्रात लिहायची मुभा नव्हती. थंडी फार आहे, एवढं कळे. चार पत्रं आली. पाचव्या वेळी पत्राऐवजी पार्सल आलं. त्यात हा कोट आणि एक छापील चिठ्ठी: आपला मुलगा बेपत्ता आहे, त्याची वस्तू सोबत पाठवत आहोत. बाई तेव्हा तेरा वर्षांच्या.

आईने कोट जमिनीवर पसरला आणि वितीने मोजला. छाती मोजली, बाही मोजली. मग पुन्हा मोजली.

"हा त्याचा नाही," ती म्हणाली.

वडील म्हणाले, "सरकारी माल आहे. हाताला लागेल ते माप देतात."

"बाही बघा ना. त्याच्या कोपराखाली चार बोटं येईल आणि थांबेल."

"थांबली असेल. कुडकुडला असेल. आपल्याला काय ठाऊक?"

कॉलरच्या आत एक क्रमांक छापलेला होता. पहिले चार आकडे दादाचेच, पण ते त्याच्या तुकडीतल्या सगळ्यांचेच असत. शेवटचे दोन धुऊन गेलेले. वडिलांनी अस्तर उसवून आत काही खूण सापडते का बघावं म्हणून कात्री घेतली. आईने ती हातातून काढून घेतली. "परक्याचा कोट आहे. उसवायचा नाही. ज्याचा आहे तो न्यायला येईल." म्हणजे कोट परक्याचा असेल तर आपला मुलगा त्याच्या स्वतःच्या कोटात कुठेतरी चालतोय, हा तिचा हिशेब. आणि दुसरी एक आई रिकाम्या हाताने बसली आहे, हाही.

कोट दाराशेजारच्या खुंटीवर बावीस वर्षं राहिला. दुकानात कुणी अनोळखी आलं की आई आधी त्याच्या हातांची लांबी बघे. वडील त्याआधीच गेले. आई जाताना मुलीला एवढंच म्हणाली, "कोट लोकांच्या नजरेस राहू दे." आणि मुलीने काय केलं, तर पेटीत कुलूप लावून ठेवला.

"का?" मी बंद पडलेल्या बसला टेकून विचारलं होतं.

"बाहेर ठेवला तर कुणी नेईल."

"अहो, कुणी न्यावा म्हणूनच तर ठेवायचा होता ना?"

"ज्याचा आहे त्यानं. कुणीही नाही. आलात ना तुम्हीच, घालून मोकळे झालात."



त्यानंतर चाळीस वर्षं गेली. कंपनी बंद झाली, मालक गेले, कपडेपट लिलावात निघाला. बाई निवृत्त होऊन एका खोलीत राहू लागल्या. मी मधूनमधून जात असे; दार उघडण्याआधी त्या आतून विचारत, "मीच म्हणजे कोण?" एके दिवशी स्वतः माझ्या दारात आल्या. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. शहरातल्या संग्रहालयात त्या लढाईचं नवं दालन होणार होतं, आणि लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू द्याव्यात असं आवाहन होतं.

"कोटाला कसर लागली," त्या म्हणाल्या. "डाव्या बाहीला. मला आता टाका दिसत नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"विश्वास टाकताय म्हणायचं."

"छे. तुम्ही एकदा पकडले गेला आहात, म्हणून. न पकडलेला माणूस न्यायचा म्हणजे जोखीम."

संग्रहालयात वस्त्रविभागाच्या बाईंनी एक अर्ज दिला. मूळ मालकाचं नाव, या रकान्यात टाचणीबाईंनी लिहिलं: शोध चालू आहे. वस्त्रविभागाच्या बाई मऊ आवाजाच्या आणि चिवट होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. काचेच्या कपाटात ज्या वस्तू लागतात त्यांच्यासोबत नाव लागतं. संचालकांचा तसा नियमच होता. नाव असलं की लोक थांबतात, वाचतात. नाव नसलेल्या वस्तू तळघरातल्या पेट्यांत जातात, अभ्यासकांसाठी.

"पेटीत तर माझ्याकडेही होता," टाचणीबाई म्हणाल्या.

"मग भावाचं नाव लिहू या ना. पार्सल तुमच्याच घरी आलं होतं."

"आणि नसला त्याचा तर? ज्याचा आहे त्याचं कुणी आलं, पाटीवर दुसऱ्याचं नाव वाचलं, आणि तसंच निघून गेलं तर?"

बाईंचं सगळं अडलेलं होतं ते इथे. नाव घातलं तर कोट लोकांपुढे येणार पण खऱ्या मालकाला दार बंद. नाव नाही घातलं तर पुन्हा पेटी. दालन उघडायला तीन आठवडे होते. कोट तपासणीसाठी ठेवून घेतला गेला. बाईंनी पावती दोनदा वाचली आणि मला तिसऱ्यांदा वाचायला लावली.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा वस्त्रविभागाच्या बाईंनी तपासणीचा अहवाल वाचून दाखवला. कापड अमुक, विणकाम तमुक. मग: "कॉलरच्या खालच्या अंगाला लाल धाग्याचे सात टाके. रणांगणावर रक्षण व्हावं म्हणून घरच्या कुणी घातलेली खूण असावी."

"हे कुणी लिहिलं?" टाचणीबाईंनी विचारलं.

"मीच. का?"

"ते टाके मी गेल्या मंगळवारी घरी चाचपून घातलेत. तुम्ही कोट बदलू नये म्हणून."

वस्त्रविभागाच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते वाक्य खोडलं. मग जरा थांबून पुढचं वाचलं. कॉलरच्या आत रंगभूमीवर वापरतात तसा रंग आढळला होता. दान देणाऱ्या बाई आयुष्यभर नाटकाच्या कपडेपटात. संचालकांना शंका आली होती की हा कोट लढाईतला नसून नाटकातला आहे.

आता माझं काम आलं. मी पुढे होऊन सांगितलं की रंग माझा, मान माझी, आणि कोट न विचारता घेतला होता.

"किती वेळ अंगावर होता?"

"तीन मिनिटं. मग मी मेलो."

टाचणीबाई मात्र माझ्या कबुलीवर विसंबून राहिल्या नाहीत. त्यांनी कोटाची पुढची पट्टी उलटून दाखवली. "नाटकातल्या कोटाला बाहेरून बटणं असतात ती दिसायला. आतून टिचबटणं. नटाला अर्ध्या मिनिटात कपडे बदलायचे असतात. इथे काजं बघा. आरपार आहेत, वापरून सैल झालीत. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी ओढलेली." वस्त्रविभागाच्या बाईंनी भिंग लावून काजं बघितली आणि अहवालात लिहून घेतलं. ती शंका मिटली.

पण कसर अस्तराच्या आत शिरली होती. आतून साफ करायला वीतभर तरी अस्तर उसवावं लागणार होतं, आणि त्यासाठी बाईंची सही हवी होती. बाईंनी पेन घेतलं नाही. आम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही आयुष्यभर उसवण्याचंच काम केलंत. हा एक कोट तुमच्याकडे इतकी वर्षं होता. एकदाही आत बघावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटलं."

"मग?"

"आत दादाचं काही निघालं तर दादा संपला. नाही निघालं तर दुसऱ्या कुणाचा पोरगा संपला आणि मी त्याचा कोट दडवून बसले." त्यांनी मांडीवरची पर्स सरळ केली. "बंद होता तोवर दोघंही चालत होते कुठेतरी."

 व्हरांड्यातून एक शिपाई फायली घेऊन गेला. बाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं, बाहीपासून बोटांपर्यंत. आईची सवय. मग त्या उठल्या.

"सही करते. पण उसवणार मी."

म्हणून ती खोली, ते टेबल, आणि मी सुरुवातीला सांगितलेला प्रवेश. बाईंना टाका दिसत नव्हता, पण बोटांना लागत होता. वस्त्रविभागाच्या बाईंनी दिलेलं नाजूक हत्यार त्यांनी बाजूला सारलं आणि पर्समधून आपली जुनी उसवणी काढली. डाव्या बाहीच्या टोकापासून त्या सुरुवात करून वर गेल्या. टाका तुटतानाचा आवाज त्या शांत खोलीत ऐकू येत होता. वीतभर उसवून झाल्यावर त्यांनी दोन बोटं आत घातली आणि तिथेच थांबल्या.

"इथे कापड दुमडलंय," त्या म्हणाल्या. "खूप."

वस्त्रविभागाच्या बाईंनी अस्तर उचलून दिवा आत धरला. बाही आत दुमडून आखूड केलेली होती, चांगली चार बोटं, आणि दुमड हाताने तुरपलेली. पुढे बरगडीवर उसवलं. तिथेही शिवण आत घेऊन कोट अरुंद केलेला. कुठेही कापड कापलेलं नव्हतं. सगळं आत तसंच ठेवलेलं.

"फौजेतले शिंपी असं करत नाहीत," वस्त्रविभागाच्या बाई म्हणाल्या. "ते कापून टाकतात. एवढी जागा आत कुणी सोडत नाही."

टाचणीबाई तुरपाईवरून बोट फिरवत होत्या. एकदा, दोनदा. मग मान वर करून त्यांनी समोरच्या बाईंना विचारलं, "तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"नाही. का?"

"लिहून दाखवा."

त्या बिचाऱ्यांनी मोजा काढून उजव्या हाताने कागदावर स्वतःचं नाव लिहून दाखवलं. मग बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "बाई, मला बटणसुद्धा लावता येत नाही."

"ते माहीत आहे." त्या पुन्हा कोटावर वाकल्या. "टाके उलट्या अंगाला झुकलेत. डाव्या हाताची तुरपाई आहे ही. आणि शेवटी तीन टाके मागे घेऊन गाठ आत ढकललीय. आमच्या बाबांची शिकवण. मीही तशीच करते."

वस्त्रविभागाच्या बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे कोट तुमच्या भावाचाच. त्यांनी स्वतःच्या मापाचा करून घेतला. सुटला की प्रश्न."

मलाही क्षणभर तसंच वाटलं.  पण टाचणीबाईंचा चेहरा अजून तपासणीवर होता. टाचणी कमी भरली की असायचा, तसा.

"माणूस वाळतो," त्या सावकाश म्हणाल्या. "उपाशी राहिला तर छाती चाळिसाची छत्तीस होते, मानलं. पण हात आखूड होतात का कुणाचे?"

 त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला बाही कुठे आली होती?"

"मनगटाच्या हाडावर. नेमकी."

"वय काय होतं तुमचं?"

"एकोणीस."

"आणि असे होता." त्यांनी करंगळी उभी करून दाखवली. मग त्यांनी पर्स उघडली आणि घड्यांवर विरलेलं एक पत्र काढलं. वाचायची गरज नव्हती, पाठच होतं. नुसतं हातात धरून म्हणून दाखवलं. "तिसरं पत्र. 'सरकार एका मापाचे कोट पाठवतं आणि माणसं मात्र सगळ्या मापांची. म्हणून इथे मी बंदूक कमी आणि सुई जास्त चालवतो. संध्याकाळी सगळे आपापले कोट घेऊन माझ्यापुढे रांग लावतात.'" पत्र घडी घालून परत गेलं. "हात दादाचा आहे. अंग दुसऱ्याचं आहे. कुणीतरी पोरगेला, आखूड हातांचा. अजून वाढेल म्हणून दादानं कापड आत ठेवलंय. नाहीतर चार बोटं कापड कोण ठेवतो?"

"आई बरोबर होती," मी म्हणालो.

"बाबाही. मुलाचं काहीतरी घरी आलं म्हणत होते." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पर्सचा चाप दोनदा दाबून नीट लागला की नाही ते बघितलं. "दादा कुठे गेला ते काही कोट सांगत नाही. अदलाबदल झाली असेल, घोटाळा झाला असेल. ते मला आता कळायचं नाही."

वस्त्रविभागाच्या बाई अवघडल्या होत्या. "पण मग नाव काय लिहायचं? संचालकांना नाव लागतं. नसेल तर कोट खाली जाईल."

"नाव आहे की," टाचणीबाई म्हणाल्या. "शिंप्याचं लिहा."

"शिंप्याचं?"

"घालणारा कोण ते अजून माहीत नाही, असं लिहा. आणि खाली, बेतून दिला यानं, म्हणून माझ्या भावाचं पूर्ण नाव. तुमच्या साहेबांचा नियमही राहिला आणि माझंही खोटं झालं नाही. अजून म्हणजे अजून. 'माहीत नाही' एवढंच लिहून ठेवाल, तसं नको. 'अजून' पाहिजे."

संचालकांनी दोन दिवस घेतले. मग पाटी झाली, आणि तिच्यात 'अजून' होतं. एक सुधारणा वस्त्रविभागाच्या बाईंनी आपणहून केली: डाव्या बाहीचं अस्तर पुन्हा न शिवता तसंच दुमडून ठेवलं, म्हणजे आतली चार बोटं माया आणि ती उलट्या झुकाची तुरपाई लोकांना दिसावी. लाल टाके काढायचे का, असं त्यांनी विचारलं होतं. टाचणीबाई म्हणाल्या, राहू देत, दालन उघडल्यावर कुणी कोट बदलणार नाही कशावरून?

दालन उघडलं त्या दिवशी बाईंनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, काचेला कुठे फट आहे का ते नखाने पाहिलं, आणि रखवालदाराला त्याची नोकरी किती वर्षांची ते विचारलं. पुढे दर मंगळवारी त्या जात. कोटासमोरच्या बाकावर बसत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात बघत. एखादा कोटासमोर जास्त वेळ थांबला की पर्स घट्ट धरून पुढे सरकत. मी एकदोनदा बरोबर गेलो. एक बुटके गृहस्थ पाटी वाचत बराच वेळ उभे होते. बाई उठून जवळ गेल्या, आणि कळलं की ते चष्मा विसरून आले होते.

वर्ष पुरतं झालं नाही. थंडीत बाईंनी अंथरूण धरलं, मग दवाखाना. शेवटच्या आठवड्यात मी दुपारी भेटायला गेलो तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी खुर्ची ओढली.

"कोण?"

"मीच."

"मंगळवार आहे ना आज? जाऊन आलात?"

"तिथूनच येतोय."

"कुणी आलं होतं?"

"शाळेची सहल होती. विचारत असं कुणी आलं नव्हतं."

 मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली, सवयीने कापड चाचपलं, आणि म्हणाल्या:

"रखवालदाराला सांगून ठेवा. कुणी आलं, हा आमच्याचा आहे म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. बाहीचं माप विचारा. पण आधी बसायला खुर्ची द्या."